उंबऱ्यापलीकडचा दोर

४ जानेवारी

लाडक्या नणंदबाईस,

तुझं पत्र पोचलं. वसतिगृहातल्या मुलींची, मुलींच्या आयांची आणि गळक्या पाण्याच्या टाकीचीसुद्धा खुशाली कळली, फक्त तुझी तेवढी लिहायची राहिली. पहारेकऱ्याच्या जागेबद्दल तू लिहिलंस ते मी ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी ऐकलं, चहा संपवला आणि म्हणाले, "तिला सांग, फाटकाशी स्टूल टाकून बसण्याइतका तुझा दादा म्हातारा झालेला नाही." तेव्हा तो विषय इथेच मिटला. तुझी माया कळते ग, पण तुझ्या दादाला तूही ओळखतेस आणि मीही.

आता खरी बातमी ऐक. जहाजं दुरुस्तीसाठी पाण्यातून वर ओढायचा आपला उतार बंदरवाल्यांनी लांब केलाय, मोठी जहाजं यावीत म्हणून. काम झकास झालं. पण वरच्या रहाटापासून खाली पाण्यापर्यंत पोचेल एवढा लांब दोर आता कोणाकडेच नाही. दोन दोर जोडले तर जोड जाड होतो आणि कप्पीत अडकतो. बाहेरून नायलॉनचा मागवला, तर तो ताणतच गेला, आणि वर येणारी नाव हिसका खाऊन पुन्हा पाण्यात. रंगारी तिच्यासाठी ब्रश भिजवून उभा होता, तो बघतच राहिला.

मग बंदराचे नवे साहेब स्वतः आपल्या दोर वळायच्या शेडमध्ये आले. माणूस सरळ आहे, आडपडदा नाही. म्हणाले, "मार्चमध्ये मोठं जहाज येतंय. तोवर वाखाचा एकसंध दोर वळून दिलात तर उताराचं सगळं काम यापुढे तुमचं. नाही जमलं तर मला वरून हुकूम आहे, शेड पाडायची आणि इथे गोदाम बांधायचं."

ह्यांनी लगेच होकार दिला. मला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मीही होच म्हटलं असतं, पण विचारायला काय जातं?

अडचण एकच. शेड जेवढी लांब तेवढाच दोर निघतो. तू पत्रं तुझ्या मुलींना वाचून दाखवतेस, म्हणून त्यांच्यासाठी सगळं नीट सांगते. शेडच्या समुद्राकडच्या टोकाला चक्र असतं, ते मी आणि आणखी तिघी फिरवतो. गल्लीकडच्या टोकाला, भिंतीशी, दगड लादलेला गाडा असतो. दोघांच्या मधे वाखाचे, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचे, तीन पेड ताणून बांधतात. ते तिन्ही पेड एका लाकडी ठोकळ्याच्या खाचांतून जातात. त्या ठोकळ्याला आम्ही भोपळा म्हणतो. तुझा दादा भोपळा धरून गाड्यापासून चक्राकडे चालत येतो, आणि त्याच्या पाठीमागे तीन पेडांचा एक दोर होत जातो. त्याची नजर भोपळ्यावरून हलत नाही, पाय आपले आपण चालतात. मधेच थांबला की पीळ त्या जागी साचतो आणि दोर तिथेच कच्चा. आणि दोर चालू असताना शेडमध्ये फक्त त्याचा आवाज. "ताण", "सैल", आणि शेवटी "बस". बाकी सगळ्यांच्या तोंडाला कुलूप, कारण दुसरा एखादा शब्द चक्रापर्यंत पोचला तर आमचे हात चुकतात.

तर आम्ही ठरवलंय की समुद्राकडचे मोठे दरवाजे उघडायचे, चक्र उचलून बाहेर धक्क्याच्या टोकाला न्यायचं आणि दोर शेडबाहेर काढायचा. आजवर कोणी केलं नाही, ते आपण करणार. तू फक्त ऐकत राहा.

तुझी,
वहिनी


१२ जानेवारी

वहिनी,

पत्र मुलींना वाचून दाखवलं. भोपळ्याचं चित्र काढायला सांगितलं, तर सगळ्यांनी खायचा भोपळाच काढला. एकीने त्याला पाय काढले. ते चित्र पाठवते आहे, दादाला दाखव.

बढाई मारायला तू माझ्या भावाकडून शिकलीस की तो तुझ्याकडून, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. पण खरं सांगू? माझा जीव टांगणीला लागलाय. दादाचे गुडघे, तुझी कंबर, आणि वर साहेबांना दिलेला शब्द. जमलं तर मी इथे नाचेन, मुलींसमोर नाचेन. पण नाही जमलं तर? माझ्या क्वार्टरमधली मागची खोली रिकामीच आहे. खिडकीतून झाड दिसतं. पहारेकऱ्याची जागा मार्चअखेरपर्यंत मी अडवून ठेवू शकते, त्यानंतर नाही.

दादाच्या हाताखालचा तो पोरगा, सगळे बोकड म्हणतात तो, अजून कामाला येतो का? भर कामात उभ्याउभ्या पेंगायचा तो. त्याला दोराजवळ फिरकू देऊ नकोस.

वाट बघते.

तुझी नणंद


९ फेब्रुवारी

नणंदबाईस,

उशीर झाला, रागावू नकोस. कामाच्या गडबडीत होते.

दोर बिघडला. शेडच्या उंबऱ्यापाशी एकाचं पाऊल थांबलं आणि पीळ साचला. तेवढी जागा सोडली तर दोर उत्तम झाला होता, पण तेवढी जागा सोडून दोर वापरता येत नाही. वाख आणखी एका दोरापुरता आहे.

बाकी आम्ही ठीक. ह्यांनी तुला आशीर्वाद सांगितलेत.

ती पहारेकऱ्याची जागा अजून आहे का? सहज विचारते.

वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

मी म्हटलं होतं की नाही! बोकडच असणार. पेडांखालचे टेकू काढत दादाच्या पुढे चालताना झोप लागली असेल त्याला, आणि दादालाही थांबावं लागलं असेल. त्याला माझं नाव सांगून विचार, अख्ख्या बंदराचं पोट ज्या कामावर आहे त्या कामात डुलक्या काढताना लाज वाटली नाही का? आणि दादा काय करत होता? त्याने जागच्या जागी त्याला हाकलून कसं दिलं नाही? तो नको तिथे मऊ आहे, पहिल्यापासून.

पण वहिनी, तुझं शेवटचं वाक्य मी चारदा वाचलं. सहज म्हणे! तू आयुष्यात कधी काही सहज विचारलं आहेस? मला कळलं. जागा आहे, तुमचीच आहे. मी मागच्या खोलीला चुना मारून घेतला, दुसरी खाट आणली. दादाला पाय लांब करून झोपायची सवय, म्हणून लांब खाट शोधून आणली, हमालाशी भांडून. कपड्यांना कपाट आहे. भांडी आणू नकोस, माझ्याकडे ढीगभर आहेत. इतकी वर्षं एकटीने जेवतेय, आता तिघं जेवू. मुलींनाही सांगून टाकलंय.

कधी निघताय ते कळव.

तुझी नणंद


१९ फेब्रुवारी

नणंदबाई,

बोकडाला काही बोलू नकोस. त्या दिवशी तो डोळ्यांत तेल घालून काम करत होता. मी तुझ्यापासून लपवलं, कारण मला लिहवेना. ते पाऊल तुझ्या दादाचं होतं.

कसं झालं ते सांगते. सगळं दृष्ट लागावी असं चाललं होतं. मी धक्क्याच्या टोकाला चक्रावर, वारा पडलेला, हे भोपळा घेऊन एका लयीत येत होते. शेडच्या समुद्राकडच्या उंबऱ्यापाशी आले आणि उभे राहिले. त्यांना कळलंही नाही ग. जन्मभर चक्र त्याच उंबऱ्याच्या आत होतं. जन्मभर पाय तिथेच थांबत आले, तिथेच थांबले. डोळे भोपळ्यावर, चेहऱ्यावर समाधान, काम झालं म्हणून. आणि आम्ही धक्क्यावर चक्र फिरवतोच आहोत, कारण वर बघून ते अजून "बस" म्हणाले नव्हते.

आणि सगळ्यांनी बघितलं. शेडमधल्या एकूण एक माणसानं बघितलं की मुकादम उंबऱ्यात उभे आहेत. पण दोर चालू होता. दोर चालू असताना बोलायचं नाही. कोणी बोललं नाही. बोकडानं म्हणे स्वतःचा हात चावून घेतला, पण आवाज काढला नाही. त्यांच्याच शिस्तीनं त्यांना बुडवलं.

साहेबांना हे कोणी सांगितलं नाही. सगळ्यांनी "पेड कच्चा होता" म्हणून वेळ मारून नेली. त्याचाच ह्यांना जास्त त्रास झाला.

नंतर आम्ही नुसतं चालून बघितलं, हातात काही न घेता. उंबरा आला की पाय अडखळतोच. मी म्हटलं, मी दारात उभी राहते आणि "चला" म्हणून ओरडते. तरी पाऊल रेंगाळतं, आणि रेंगाळलं तरी पीळ साचतोच. तेव्हापासून हे घरी बसून आहेत. म्हणतात, "माझ्या पायांवर माझाच भरवसा राहिला नाही." काल मी म्हटलं, मग मी चालते भोपळा घेऊन. मला वाटलं चिडतील, हसतील, निदान दोन शब्द सुनावतील. तर मान खाली घालूनच म्हणाले, "चाल." नणंदबाई, दोर बिघडला तेव्हा मी रडले नव्हते, काल रडले.

मला ते जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. भोपळ्याची पकड हातात यायला वर्षं लागतात.

तेव्हा आम्ही येतो. हे फाटकाशी बसायलाही तयार झालेत. तू लांब खाट आणलीस हे वाचून मात्र ते पहिल्यांदा थोडं हसले.

वहिनी


२३ फेब्रुवारी

वहिनी,

रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे, नक्की मिळावं म्हणून. हे दादाला मोठ्याने वाचून दाखव, आणि तो उठून जायला लागला तर दाराला कडी घाल.

आधी बोकडाची माफी माग माझ्यातर्फे.

आता ऐक. दोन दिवस मला झोप नाही. एक मन म्हणतं, येऊ देत, खोली तयार आहे, मलाही माणसं हवीत. खोटं कशाला बोलू, तुम्ही येणार म्हणून मला फार आनंद झाला होता. पण दादा फाटकाशी बसायला तयार झालाय हे वाचलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. असा दादा मला इथे नको आहे.

तुम्ही सगळे दादाच्या पायांना नवीन शिकवायला निघालात. कशाला? ते पाय चक्रापाशी बरोबर थांबतात. तेवढं एक काम ते कधी चुकणार नाहीत. मग चक्र हलवलंत कशाला? चक्र जिथल्या तिथे, उंबऱ्याच्या आत, जन्मभर होतं तिथेच ठेवा. हलवायचा तो गाडा. गाडा मागे न्या. वाढीव दोर शेवटाला कशाला हवा, सुरुवातीला असू दे. दादा लांबून निघेल, पण पोचेल तिथेच, जिथे त्याचे पाय रोज पोचतात.

तू म्हणशील, मागे भिंत आहे. पाडा भिंत. आबांनी बांधलेली भिंत पाडा म्हणून त्यांची मुलगी सांगते आहे, जो काही दोष लागायचा तो मला लागू दे. भिंतीमागे आपली गल्ली थेट शेडच्या रेषेत जाते. आबांनी घरं बांधताना दोरी लावूनच बांधली होती, दोर वळणाऱ्या माणसाला वाकडं काही बघवायचं नाही. आड येतो तो फक्त शिंप्याचा ओटा. त्याच्याशी तुझं वैर आहे, ते तू बघ.

पहारेकऱ्याची जागा मार्चअखेरपर्यंत आहे. मी ती भरायला तयार आहे, दुसऱ्या कोणाला तरी घेऊन.

तुझी नणंद


१३ मार्च

माझ्या गुणाच्या, शहाण्या, सोन्यासारख्या नणंदबाईस,

झाला! दोर झाला! एकसंध, गोल, डोक्यापासून शेपटापर्यंत एक पीळ! आधी हे लिहून टाकलं, आता श्वास घेते आणि बाकीचं सांगते.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. कडी घालावी लागली नाही. "चक्र हलवलंत कशाला" इथपर्यंत आले आणि हे ताडकन उठले. मला वाटलं गेले. ते खुंटीवरचा सदरा घालत होते. तसेच शेडमध्ये गेले, भिंतीला हात लावून उभे राहिले, आणि मग गल्लीच्या टोकापर्यंत एक डोळा मिटून बघत राहिले. परत आले ते म्हणाले, "सरळ आहे. शेवटपर्यंत सरळ आहे." तो आवाज मी महिन्याभरात ऐकला नव्हता.

साहेबांकडे ते स्वतः गेले आणि उंबऱ्यावर काय घडलं ते सगळं सांगून टाकलं. भिंत पाडायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, "शेड पाडायचा हुकूम माझ्याकडे आहेच. थोडी तुम्ही आधी पाडा." आणि हसले.

शिंप्याकडे मी गेले. त्या ओट्यावरून मी त्याच्याशी किती भांडले आहे ते तुला ठाऊक आहे. बोलायला शब्द जुळवतच होते, तर तो आतून पहार घेऊन आला. म्हणाला, "तुमच्यासाठी तोडायला सांगितलं असतं तर जन्मभर नाही म्हटलं असतं. मुकादमांसाठी मी माझ्या हातानं तोडतो." आणि तोडला. मला आता भांडायला काही उरलं नाही, चुकल्यासारखं होतं.

दोराच्या दिवशी सकाळी गल्ली ओळखू येत नव्हती. हातगाड्या, सायकली, कुंड्या, वाळत घातलेले कपडे, सगळं आत. पेड जमिनीला टेकू नयेत म्हणून शेडमध्ये लाकडी घोड्या असतात, पण गल्लीत त्या कुठून आणणार? प्रत्येक घरानं आपलं स्टूल दिलं. कोणी खुर्ची दिली, डॉक्टरीणबाईंनी तपासणीचं टेबल दिलं. एकेका स्टुलाशी त्या त्या घरचं माणूस. भोपळा आला की स्टूल काढायचं, तो पुढे गेला की दोराखाली सरकवायचं, आणि आवाज करायचा नाही. गाड्यावर वजन कमी पडत होतं, तर सुताराच्या बायकोला बसवलं. तिला गल्लीत सगळे रेडिओ म्हणतात. मी म्हटलं, वजनाचं ठीक आहे, पण ही बोलली तर? ती म्हणाली, "बोलले तर मला गाड्यासकट समुद्रात ढकला."

मी माझ्या जागी, चक्रावर, उंबऱ्याच्या आत. माझ्यापुढे अख्खी शेड, आणि तिच्या टोकाला जिथे भिंत होती तिथे नुसता उजेड. हे गल्लीच्या पार टोकाला, मला दिसतही नव्हते. तिथून आवाज आला, "ताण." आम्ही चक्र फिरवायला लागलो.

नणंदबाई, आपली गल्ली गप्प बसलेली मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. भांडं पडलं नाही, दार वाजलं नाही. वाखाच्या धुळीनं साहेबांना शिंक येत होती, ते बिचारे सगळा वेळ नाक चिमटीत धरून लाल होऊन उभे होते. पेडांची कुरकुर आणि ह्यांचा आवाज, तेवढंच. "सैल." "ताण." आवाज जवळ जवळ येत होता. मग त्या उजेडात एक ठिपका दिसला, त्याला डोकं आलं, खांदे आले. भिंतीच्या जागेवरून हे आत आले तेव्हा मी त्यांच्या पायांकडेच बघत होते, इथे काही अडखळतंय का म्हणून. कुठलं काय! तिथून तर ते रोजच निघतात. तिथून पुढे एकदम घरात आल्यासारखे चालायला लागले.

आणि माझ्यापुढे येऊन, उंबऱ्याच्या आत, जन्मभर थांबले तिथेच थांबले. वर बघून म्हणाले, "बस."

आम्ही चक्र थांबवलं. मग गल्लीत असा काही आरडाओरडा झाला की धक्क्यावरचे पक्षी उडाले. रेडिओ गाड्यावर उभी राहून सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती. साहेबांनी एकदाची शिंक मोकळी केली, तीही टाळ्यांत बुडाली.

ह्यांनी दोरावरून हात फिरवत शेडपासून गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारली. परत येऊन बोकडाच्या पाठीवर थाप मारली. बोकड रडला.

जहाज पुढच्या आठवड्यात वर ओढायचंय. खरी परीक्षा तीच. दोर उत्तम आहे हे मला ठाऊक आहे, तरी नीट जेवण जात नाही.

तुझीच,
वहिनी


२१ मार्च

चिमणे,

मी पत्र लिहितोय हे बघून धसका घेऊ नकोस. सगळे धडधाकट आहेत. तुझी वहिनी म्हणाली, हे तुम्हीच लिहा, म्हणून बसलोय. अक्षर लागलं नाही तर मुलींकडून वाचून घे.

जहाज वर आलं.

सकाळी दोर कपड्यांतून, म्हणजे चुकलो, कप्प्यांतून ओवला. तुझी वहिनी शेजारी बसून बोलते आहे, त्यामुळे असं होतं. तर ओवला, जहाजाला बांधला. सगळं बंदर उताराच्या दोन्ही बाजूंना उभं. सुतार, लोहार, रंगारी, ब्रश घेऊनच. रहाट फिरला. दोर ताठ झाला, त्यातलं पाणी निथळलं, तो करकरला. जहाज हलेना. मला वाटलं, माझं हृदय तेवढं हलतंय. मग जहाजानं नाक वर केलं आणि हळूहळू, मोठी म्हैस पाण्यातून निघावी तसं, पाणी गाळत वर आलं.

लोक जहाज बघत होते. मी दोर बघत होतो. हातभर पुढे सरकला की तेवढा हातभर निरखत होतो. मी ती जागा शोधत होतो, माझं पाऊल थांबलं होतं तशी जागा. सगळा दोर माझ्या डोळ्यांपुढून गेला. ती जागा नव्हती.

जहाज वरच्या टेकूंवर बसलं तेव्हा लोकांनी मला उचललं. या वयात उचललं. गुडघा दुखावला, त्याचं काही नाही. साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की गोदाम दुसरीकडे होईल, शेड राहील, आणि पुढच्या जहाजांचे दोर आपलेच. भिंत परत बांधायची नाही असं गल्लीनं ठरवलंय. तिथे मोठं दार बसवतोय, सुतार कामाला लागलाय. शिंपी म्हणतो, ओटा गेला ते बरंच झालं, दुकानात उजेड येतो. तुझी वहिनी त्यावरही त्याच्याशी भांडली.

एक गोष्ट तिनं तुला लिहिली नसेल. तिचं पत्र मी वाचलं नाही, पण तिला ओळखतो. दोर झाला आणि मी "बस" म्हटलं, तेव्हा तिनं चक्र सोडलं आणि साहेबांसमोर, अख्ख्या गल्लीसमोर माझ्या गळ्यात पडली. घट्ट. सोडेचना. लग्नाच्या दिवशीसुद्धा माझ्याकडे बघायला लाजत होती ही. आता पत्र हिसकावते आहे, म्हणून भरभर लिहितो.

तुझ्या पत्रानं मला उठवलं, चिमणे. तुला आम्ही हवे होतो आणि तरी तू आम्हाला इथेच ठेवलंस. मला सगळं कळलं. ती लांब खाट मोडू नकोस. आम्ही सुट्टी काढून येऊ, मी तिच्यावर पाय लांब करून झोपेन, आणि मग कामाला परत येईन.

नव्या दोराचा वाख काल आला. उद्या पेड ताणायचे.

तुझ्या मुली कधी विचारतील, तुमचा भाऊ काय करतो म्हणून. छाती काढून सांग, बंदरात दोर वळतो. त्याच्या दोरानं जहाजं वर येतात.

तुझा,
दादा